वतनाचा रकाना

त्यांचं खरं आडनाव मी इथे लिहिणार नाही. लष्कर या ग्वाल्हेरच्या शहरभागातल्या मराठी घरांनी त्यांना चूलबघे हे आडनाव बहाल केलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की एकदा त्या नावाने आलेलं पत्र पोस्टमनने न विचारता थेट त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं. त्यांनी पाकीट वरखाली करून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पत्ता बरोबर आहे." मग शांतपणे फोडून वाचायला घेतलं.

संस्थानी अमलात लष्करला एक मोहताजखाना होता. ज्यांचं कोणी नाही आणि ज्यांच्या अंगात काम करायची ताकद उरली नाही, अशांना तिथे दोन वेळचं जेवण आणि निजायला जागा मिळे. काही अब्रूदार माणसं मात्र उपाशी मरतील पण तिथे पाऊल टाकणार नाहीत, अशी असत. त्यांना महिन्याचं धान्य घरपोच जाई. कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही हे ठरवणारे तपासनीस म्हणजे हे गृहस्थ. हिंदी मंडळी त्यांना दारोगाजी म्हणत. मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो. माझं अक्षर चांगलं, म्हणून मला घेतलं. डोकं कसं आहे हे तेव्हा कोणी तपासलं नाही.

चूलबघे हे नाव त्यांनी कष्टाने मिळवलेलं होतं. अर्ज आला की दुसऱ्या दिवशी ऐन स्वयंपाकाच्या वेळी ते त्या घरी हजर. दारात उभे राहून "येऊ का?" म्हणत, आणि आतून "या" आल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसत. मग सरळ चुलीपाशी. राखेवर उलटा तळहात धरायचा, मग राखेत बोटं घालायची, आणि आजची राख की परवाची ते पाहायचं. घरातल्यांना प्रश्न जवळजवळ नाहीच. ब्राह्मणांच्या घरी सोवळ्याची पंचाईत होई. त्यासाठी त्यांच्या पिशवीत एक जुना मुकटा कायम घडी करून ठेवलेला असे. तिथल्या विहिरीचं पाणी अंगावर घेऊन, बाहेरच्या खोलीत धोतर बदलून, मुकटा नेसून हा माणूस थंडीच्या दिवसांत कुडकुडत दुसऱ्याची चूल तपासायला आत जायचा. मला पहिल्यांदा हे पाहून हसू आवरेना. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "हसून घे. पण राखेला खोटं बोलून काय मिळणार आहे रे?"

अर्जदाराच्या घरी ते पाणीसुद्धा घेत नसत. उन्हाळ्यात, ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात, कंपू मोहल्ल्यापासून बाड्याच्या चौकापर्यंत पायी फिरताना स्वतःचा तांब्या बरोबर. छत्री बारा महिने. ती पावसासाठी कमी आणि गल्लीतल्या कुत्र्यांसाठी जास्त. भिकाऱ्याला ते "आप" म्हणत आणि वरच्या साहेबांना, रागात असले की, "तुम".

घरोघर जाऊन धान्य मापून द्यायच्या दिवशी ते मापाऱ्याशेजारी बसत, पण तोंड भिंतीकडे करून. नावं ऐकायची, मापाचा आवाज ऐकायचा, घेणाऱ्याकडे बघायचं नाही. एकदा मी विचारलं. म्हणाले, "हात पुढे करताना माणूस मान खाली घालतो. मी बघितलंच नाही, तर घातली की नाही हे कुणाला समजणार?"

सराफ्यातले एक शेठ वाढदिवसाला बाड्यावर बँड लावून घोंगड्या वाटणार होते. मोहताजखान्यातली पन्नास माणसं पाठवा, असा निरोप घेऊन ते स्वतःच आले. दारोगाजींनी त्यांना गादीवर बसवलं, पान दिलं आणि म्हणाले, "शेठजी, जरूर बाँटिये. बस, पहले आधा घंटा आप खुद उस बँड के सामने हाथ फैलाकर खड़े हो जाइये. फिर मैं सबको भेज दूँगा." शेठ पान न खाताच उठले. घोंगड्या मात्र दुसऱ्या दिवशी गुपचूप, हातगाडीवरून आल्या. दारोगाजींनी त्यांतली एक उलगडून नाकाशी धरली आणि म्हणाले, "लोकर चांगली आहे. माणूस वाईट नाही."

इतकं सांगितलं की वाचणाऱ्याला वाटेल, देवमाणूस होता. तसं नव्हतं. निदान मला तेव्हा तसं वाटत नसे.

मोहताजखान्याचा एक नियम होता. मदत फक्त आपल्या इलाक्याच्या माणसाला. जो बाहेरचा, त्याला शिधा आणि तिकीट द्यायचं आणि ज्याच्या त्याच्या मुलखात परत पाठवायचं. चंबळेपलीकडून आलेलं एक कोष्ट्याचं कुटुंब दाराशी चार दिवस बसून होतं. बाईला ताप, पोरं लहान. दारोगाजींनी अर्ज वाचला आणि नाही म्हणून सांगितलं. मग छत्री घेऊन त्यांच्याबरोबर स्टेशनापर्यंत चालत गेले, गाडी येईस्तोवर फलाटावर त्यांच्या बोचक्यापाशी बसले आणि गाडी हलल्यावर उठले. दिवसभर तोंडात काही घातलं नाही.

मला राग आला होता. म्हटलं, "एवढी माया होती तर ठेवून घ्यायचं."

"नियम माझा नाही."

"मग कुणाचा?"

"धान्य ज्याचं त्याचा. आज माझ्या मनाला आलं म्हणून मी एकाला आत घेईन, उद्या तुझ्या मनाला आलं म्हणून तू दुसऱ्याला बाहेर काढशील. मग लोकांनी तुझ्यामाझ्या मनाकडे बघत बसायचं काय?"

ते उत्तर मला तेव्हा आवडलं नव्हतं. आजही फारसं आवडत नाही, पण खोडून काढता येत नाही.

दुसरं त्यांचं वेड सहीचं. नोंदवहीत त्यांची सही पडली की त्या ओळीत काना-मात्रेचाही फरक चालत नसे. मोठमोठ्या घरांतून चिठ्ठ्या येत, अमक्याचं नाव घाला, तमक्याचं काढा. ते चिठ्ठी वाचून परत पाकिटात घालत आणि म्हणत, "सही झाली आहे." एकदा माझ्या हातून एका म्हाताऱ्याचं वय सत्तरच्या जागी सतरा पडलं. तो म्हातारा मरेपर्यंत आमच्या वहीत सतरा वर्षांचाच राहिला. दारोगाजींनी त्याच्यासाठी कैफियतीच्या, म्हणजे शेऱ्याच्या, रकान्यात वेगळी ओळ लिहून काम चालवलं, पण आकड्याला हात लावला नाही.

आता त्या बाईंचं सांगतो.

कंपूच्या बाजूला एका कौलारू खोलीत एक म्हाताऱ्या मराठा बाई राहत. नवरा पलटणीत होता, तो गेला. मुलगा झाला होता, तोही गेला. बाईंचा जन्म लष्करातला, लग्न लष्करात, सासऱ्यांचा जन्मसुद्धा लष्करातलाच. नर्मदा त्यांनी उभ्या जन्मात ओलांडली नव्हती. अर्ज त्यांनी केलाच नव्हता. शेजारच्या धोबिणीने आमच्याकडे कपडे न्यायला आली असताना तोंडी सांगितलं होतं, "बाईजी तीन दिन से भूखी हैं, पर कहेंगी नहीं." दारोगाजी जाऊन चूल पाहून आले. परतल्यावर एवढंच म्हणाले, "राख चार दिवसांची तरी असेल." मग दारोगाजींना ताप भरला, म्हणून उरलेले रकाने भरायला मला एकट्याला पाठवलं.

आमचा कागद दफ्तरच्या हिंदीत असे. नाम, उम्र, कौम, वतन, कैफियत. दफ्तरच्या भाषेत वतन म्हणजे माणूस कुठला, त्याचं राहतं ठिकाण कोणतं. आपल्या मराठीत वतन म्हणजे काय हे कोणालाही सांगायला नको. वाडवडिलांना मिळालेली जमीन, पाटिलकी, मान.

मी मराठी, बाई मराठी. घरात तिसरं कोणी नाही. पण मी सरकारी माणूस म्हणून आलो होतो आणि मला ते दाखवायचं होतं. कागद गुडघ्यावर ठेवून मी शिपायासारख्या आवाजात एकेक रकाना वाचत गेलो. नाव सांगितलं. वय अंदाजाने सांगितलं. मग मी विचारलं, "वतन?"

बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या सरळ झाल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

"विचारलं का शेवटी कुणी," त्या म्हणाल्या. "लिही बाळ. सातारा प्रांत. कृष्णेच्या काठी." मग गावाचं नाव सांगितलं. "पाटिलकी आमची. आमच्या आजेसासऱ्यांनी दक्षिण सोडली तेव्हा भावकीने दाबली. सासूबाई मरेपर्यंत सांगायच्या."

मला भूक लागली होती आणि म्हातारीच्या भावकीत मला रस नव्हता. मी लिहिलं, वतन सातारा, गैर-इलाका. म्हणजे बाहेरची. अक्षर फार सुबक आलं होतं.

दारोगाजी तापातून उठून आले त्या दिवशी सह्यांचा ढीग साचला होता. त्यांनी चुली स्वतः पाहिल्या होत्या, कागदासाठी माझ्यावर विसंबले आणि न वाचताच सही केली. दोन दिवसांनी शिपाई हुकूम घेऊन बाईंकडे गेला आणि त्याने तो मोठ्याने वाचून दाखवला, की दरबारच्या हुकमाने मुसम्मात अमुक हिला तिच्या वतनाला पोचतं करण्यात यावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोबीण गाठोडं न आणताच आली. दारोगाजींच्या समोर येऊन उभी राहिली.

"साहब, बाईजी ने पूरे मोहल्ले में शक्कर बाँटी है. कहती हैं, दरबार ने पुरखों का वतन लौटा दिया. तुलसी मुझे दे गईं, चक्की बगलवाली को. सिपाही स्टेशन ले गया है." मग ती रडायला लागली. "वहाँ उनका है कौन?"

साखर कुठून आणली असेल, असं माझ्या मनात आलं. दारोगाजींनी वही मागितली. ती ओळ वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"तू काय विचारलंस त्यांना?"

"वतन."

"कोणत्या भाषेत?"

त्यांनी पगडीसुद्धा घेतली नाही. बोडक्याने टांग्यात बसले, मी मागे चढलो.

गाडी लागलेली नव्हती. बाई फलाटावर एका ट्रंकेवर बसल्या होत्या. जांभळं, जरीचं, घडीवर विरलेलं नऊवारी लुगडं नेसलेल्या, कपाळावर गोंदण, हातात एक कापडी पिशवी. त्या सगळ्या फलाटावर इतकं आनंदी माणूस दुसरं नव्हतं. आम्हाला बघून त्या उठायला लागल्या.

"आपण पोचवायला आलात? केवढी तसदी."

दारोगाजी त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. मला वाटलं, आता सांगतील, की बाई, हा कारकून गाढव आहे, तुम्हाला वतन वगैरे काही मिळालेलं नाही, तुम्ही भिकारी म्हणून गावाबाहेर चालला आहात. खरं तेवढंच होतं. आणि ते न सांगता थांबवावं कसं? थांबवलं नाही तर त्या म्हातारपणी कुठल्याशा चावडीपुढे जाऊन पाटिलकी मागत बसल्या असत्या.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "हुकूम फिरला आहे."

बाईंचा चेहरा एका क्षणात म्हातारा झाला. "म्हणजे दिलं नाही?"

दारोगाजींनी जोडलेले हात खाली घेतले.

"दिलं," ते म्हणाले. "पण तिकडे नाही. आपलं वतन लष्करात लावून दिलं आहे. महिन्याला धान्य घरी येईल."

"आणि तिकडची जमीन?"

"तो मुलूख आता इंग्रजाच्या अमलात आहे."

बाईंनी विचार केला. "मग बरोबर," त्या म्हणाल्या. "तो कशाला सोडेल?" आणि थोड्या वेळाने, "मलाही रात्रभर तेच लागून राहिलं होतं. एवढ्या लांब मला ओळखणार कोण? इथे निदान ही धोबीण आहे."

दारोगाजींनी स्वतः ट्रंक उचलली. मी पुढे झालो तर त्यांनी माझा हात बाजूला केला. तो स्पर्श मला अजून आठवतो. त्यात रागसुद्धा नव्हता.

कचेरीत येऊन त्यांनी वही उघडली, आपल्या सहीच्या ओळीवर रेघ मारली आणि वतनाच्या रकान्यात 'लष्कर' असं लिहिलं. त्याखाली पुन्हा सही केली. दफ्तरच्या भाषेत ते खरं होतं आणि बाईंच्या भाषेतही आता ते खरं ठरलं होतं. एवढ्या एका शब्दाकडे ते बराच वेळ बघत बसले.

सहीच्या ओळीत खाडाखोड करणं हा मोठा गुन्हा होता, आणि इतकी वर्षं ज्यांच्या चिठ्ठ्या परत गेल्या होत्या ते टपूनच बसले होते. वरून चौकशीला एक अधिकारी आले. मराठी बाईसाठी मराठी तपासनिसाने नियम मोडला, असा आरोप होता. मी वही धरून शेजारी उभा होतो.

"गलती किसकी थी?"

"मेरी."

"यह लिखावट तो आपकी नहीं है."

"दस्तखत मेरे हैं."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लिखावट माझी आहे, प्रश्न मी विचारला होता, दारोगाजी त्या दिवशी तापाने पडून होते. एवढी तीन वाक्यं बोलायची होती. माझी नोकरी कायम व्हायला दोन महिने उरले होते, घरी नवी बायको आलेली. मी वहीकडे बघत राहिलो. दारोगाजी माझ्याकडे बघत नव्हते. नेहमीसारखं त्यांनी तोंड भिंतीकडे केलेलं होतं, आणि ते कशासाठी ते मला माहीत होतं. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

त्यांना घरी बसवण्यात आलं. माझी नोकरी कायम झाली.

बाईंचं धान्य मात्र चालू राहिलं. बाई आता वतनदार होत्या. वतनदाराच्या दारातून कोणी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून येणाऱ्या प्रत्येक भिकाऱ्याच्या झोळीत त्या मूठभर घालत. महिन्याच्या शेवटी स्वतः पेज पीत, पण मूठ चुकत नसे. मोहल्ल्यातल्या सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. कोणीही त्यांना काही सांगितलं नाही. धोबीण तर मुजरा करूनच घरात शिरायची.

नवे तपासनीस हुशार होते. चुली वगैरे बघायची त्यांना गरज वाटत नसे. त्यांच्या कानावर आलं, की ही बाई दाराशी दान करते. जी दान करते ती मोहताज कसली, असं म्हणून त्यांनी नाव कमी केलं. ओळीवर रेघ मारायला वही माझ्याच हातात दिली. मी रेघ मारली. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती.

दोन महिने गेले. मग एके दिवशी, काय झालं कोण जाणे, मी दारोगाजींच्या खोलीवर गेलो. जनकगंजात एका जिन्याखाली त्यांची खोली होती. पुस्तकं नाहीत, तसबीर नाही, खाटेवर एक घोंगडी. ते तांदूळ निवडत बसले होते. मी चौकटीत उभं राहून पाठ केलेलं बोलायला लागलो, की त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, मी भित्रा निघालो, वगैरे. ते ताटातले खडे वेचत होते. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी विचारलं,

"बाईंचं धान्य जातं ना वेळेवर?"

मी म्हणालो, "जातं."

"कोण नेतं?"

"मी."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. चौकशीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "बरं केलंस," ते म्हणाले, आणि पुन्हा ताटाकडे वळले. माझ्या पाठ केलेल्या बोलण्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

मी तिथून निघालो तो सरळ घरी गेलो. बायकोला म्हटलं, डब्यात काय आहे ते दे. तिने कारण विचारलं, तेव्हा मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर ती उठली आणि आमच्या महिन्याच्या तांदळातले अर्धे बांधून दिले, वर थोडी डाळ ठेवली.

बाई खाटेवर पडून होत्या. धोबिणीने दोन महिने जमेल तसं घातलं होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "वतनाचं धान्य. दफ्तरात उशीर झाला. चूक माझी."

त्यांनी उठून पिशवीत हात घातला आणि तांदूळ मुठीत घेऊन उजेडाकडे धरले.

"दरबारने माल बदललेला दिसतोय," त्या म्हणाल्या. "हे बारीक आहेत. चांगले आहेत."

मी हो म्हटलं. त्यानंतर साडेचार वर्षं, बाई जाईपर्यंत, दर महिन्याला मी ते धान्य नेऊन देत होतो.